अलेक्झांडर : खड्ग आणि ग्रंथ

एखाद्याला अवचित मोठे यश लाभले, की त्याचे नशीब शिकंदर आहे असे आपण सहज बोलून जातो. बोलताना कोणाच्या मनात मॅसिडोनिया नसतो, की ग्रीस नसतो. अरबी-फार्सीच्या मुखी अलेक्झांडरचा सिकंदर झाला, फार्सीच्या वाटेने तो मराठीत शिरला आणि इथे विशेषनाम न राहता चक्क विशेषण होऊन बसला. तेवीसशे वर्षांपूर्वी अवघी बत्तीस वर्षे जगलेल्या आणि विंध्याच्या आसपासही कधी न फिरकलेल्या एका राजाचे नाव आपल्या घरगुती बोलण्यात असे टिकून राहावे, ही कीर्तीची परिसीमाच म्हणावी लागेल. परंतु ज्याच्या नावाने आपण दुसऱ्याचे नशीब मोजतो, त्याचे स्वतःचे नशीब कितपत शिकंदर होते, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवाच्या निमित्ताने त्याचे चरित्र पुन्हा वाचताना हाच प्रश्न माझ्या मनात घोळत राहिला. कारण या जगज्जेत्याच्या उशाखाली रात्री दोन वस्तू असत, असे त्याचा चरित्रकार प्लूटार्क सांगतो. एक खंजीर आणि दुसरा ग्रंथ.

अलेक्झांडरचा जन्म इ. स. पू. ३५६ च्या जुलै महिन्यात, मॅसिडोनियाची राजधानी पेला येथे झाला. ग्रीसच्या उत्तरेकडील या डोंगराळ राज्याला अथेन्स, थीब्झ यांसारखी सुसंस्कृत नगरराज्ये अर्धवट रानटी समजत. त्याचा पिता दुसरा फिलिप इ. स. पू. ३५९ मध्ये सत्तेवर आला, तेव्हा राज्य चहूबाजूंनी संकटांनी वेढलेले होते. फिलिपने त्याचा कायापालट केला. पाच-सहा मीटर लांबीचे भाले धरून एकजीव भिंतीप्रमाणे पुढे सरकणारे पायदळ त्याने उभे केले, त्याला निष्णात घोडदळाची जोड दिली, खाणींतील सोने हाती घेतले आणि मुत्सद्देगिरी व तलवार या दोन्ही साधनांनी ग्रीक नगरांना एकामागून एक नमविले. पुत्राच्या दिग्विजयाने दिपून जाताना आपण पित्याची ही पूर्वतयारी विसरतो. जे शस्त्र अलेक्झांडरने जगभर परजले, ते घडविले होते फिलिपने.

माता ऑलिंपियस ही इपायरसची राजकन्या. मानी, तापट आणि गूढ धर्माचारांत रमणारी. आपले कुळ ट्रॉयच्या युद्धातील महावीर अकिलीसपासून चालत आले आहे, ही तिच्या घराण्याची श्रद्धा मुलाच्या मनात लहानपणीच रुजली. कोणालाही न आवरणारा बुसेफॅलस नावाचा घोडा स्वतःच्याच सावलीला बुजतो आहे, हे त्या मुलाने ओळखले, त्याचे तोंड सूर्याकडे वळविले आणि त्यावर स्वार झाला, ही प्लूटार्कने दिलेली कथा प्रसिद्धच आहे.

इ. स. पू. ३४३ मध्ये फिलिपने तेरा वर्षांच्या राजपुत्रासाठी शिक्षक म्हणून ॲरिस्टॉटलला पाचारण केले. मिएझा येथील वनराईत सुमारे तीन वर्षे हे अध्ययन चालले. जगातील सर्वांत मोठा विचारवंत गुरुस्थानी आणि भावी जगज्जेता शिष्यस्थानी, असा योग इतिहासात पुन्हा आलेला नाही. काव्य, नीतिशास्त्र, राज्यशास्त्र, वैद्यक अशा अनेक विद्यांची गोडी त्याला येथे लागली. ॲरिस्टॉटलने संस्कारित केलेली होमरच्या इलियडची प्रत त्याने आयुष्यभर जवळ बाळगली. उशाखालचा ग्रंथ तो हाच. पुढे इराणच्या सम्राटाच्या लुटीतील एक मौल्यवान पेटी हाती आली, तेव्हा तिच्यात त्याने ही प्रत ठेवली. आशियाच्या अंतर्भागात वाचनासाठी पुस्तके मिळेनात, तेव्हा हार्पालसला कळवून त्याने एस्किलस, सोफोक्लीझ आणि युरिपिडीझ यांची नाटके मागविली. रणधुमाळीत नाटकांची पुस्तके मागविणारा सेनापती विरळाच.

सोळाव्या वर्षी त्याने पित्याच्या अनुपस्थितीत राज्यकारभार पाहिला. अठराव्या वर्षी, इ. स. पू. ३३८ मध्ये, केरोनियाच्या रणांगणावर त्याने अथेन्स आणि थीब्झ यांच्या संयुक्त सेनेविरुद्ध पराक्रम गाजविला. इराणवर स्वारी करण्याची सिद्धता चालू असतानाच, इ. स. पू. ३३६ मध्ये, कन्येच्या विवाहोत्सवात फिलिपचा त्याच्याच एका अंगरक्षकाने खून केला. विसाव्या वर्षी अलेक्झांडर राजा झाला. पोरवयाचा राजा पाहून थीब्झने पुढल्याच वर्षी उठाव केला. त्याचे फळ त्या नगरीला असे मिळाले, की सुमारे सहा हजार माणसे कापली गेली, तीस हजार गुलाम म्हणून विकली गेली आणि नगर जमीनदोस्त झाले. देवालये वगळता एक घर मात्र त्याने आवर्जून राखले. ते होते दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी जन्मलेल्या पिंडर या कवीचे. एक नगर मारायचे आणि त्यातील एका कवीचे घर तारायचे, या एकाच कृतीत खंजीर आणि ग्रंथ दोन्ही दिसतात. त्याच्या पुढील आयुष्याचे बीज मला येथे दिसते.

इ. स. पू. ३३४ च्या वसंतात, सुमारे चाळीस हजारांची सेना घेऊन त्याने हेलेस्पाँटची सामुद्रधुनी ओलांडली. प्रथम तो गेला तो ट्रॉयच्या भूमीवर, अकिलीसच्या समाधीपाशी. त्यानंतर ग्रॅनिकस नदीकाठी इराणी सुभेदारांशी त्याची पहिली लढाई झाली. या लढाईत एका इराणी सरदाराचे शस्त्र त्याच्यावर कोसळणार, तोच क्लायटस नावाच्या त्याच्या सेनानीने त्या सरदाराचा हात छाटला आणि राजाचे प्राण वाचविले. वाचकांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

इ. स. पू. ३३३ मध्ये इससच्या अरुंद मैदानात सम्राट तिसरा दारियस स्वतः सामोरा आला. अलेक्झांडरने घोडदळासह थेट सम्राटाच्या रथावर चाल केली आणि दारियसने पळ काढला. त्याची माता, पत्नी आणि मुले विजेत्याच्या हाती सापडली. त्यांना अलेक्झांडरने राजकुटुंबाच्या इतमामाने वागविले. त्या काळच्या युद्धरीती पाहता हे औदार्य लहान नव्हते. पण लगेच पुढल्या वर्षी टायरचा वेढा आला. समुद्रातील बेटावर वसलेले हे बंदर शरण येईना, तेव्हा किनाऱ्यापासून बेटापर्यंत भर घालून त्याने बांध बांधला आणि सात महिन्यांच्या झुंजीनंतर नगर घेतले. हजारो कापले गेले, हजारो विकले गेले आणि सुमारे दोन हजार जणांना किनाऱ्यावर सुळी दिले गेले, असे प्राचीन लेखक सांगतात. त्याने घातलेल्या बांधाभोवती पुढे वाळू साचत गेली आणि ते बेट मुख्य भूमीला कायमचे जोडले गेले. भूगोल बदलण्याइतकी ही जिद्द होती. तिची किंमत मात्र टायरवासीयांनी मोजली.

ईजिप्तने त्याचे मुक्तिदाता म्हणून स्वागत केले. इ. स. पू. ३३१ मध्ये नाईलच्या मुखाजवळ त्याने एका नगराची आखणी केली आणि त्याला स्वतःचे नाव दिले. हेच अलेक्झांड्रिया. तेथून तो वाळवंटातील सिवा येथील आमोन देवाच्या पीठाला गेला आणि आपण देवपुत्र आहोत ही भावना मनात घेऊन परतला. त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी गॉगामेला येथे दारियसशी निर्णायक युद्ध झाले. संख्येने कितीतरी मोठी सेना असूनही दारियस पुन्हा पळाला आणि दोनशे वर्षांचे इराणी साम्राज्य कोसळले. बॅबिलोन, सुसा, पर्सेपोलिस ही नगरे एकामागून एक हाती आली. एकट्या पर्सेपोलिसच्या खजिन्यात १,२०,००० टॅलंट मोलाचे सोने-रुपे मिळाल्याची नोंद आहे. आणि इ. स. पू. ३३० मध्ये पर्सेपोलिसचा राजवाडा आगीच्या भक्ष्यस्थानी पडला. दीडशे वर्षांपूर्वी इराण्यांनी अथेन्स जाळले त्याचा हा सूड होता असे कोणी म्हणतात, तर मद्याच्या धुंदीत केलेले हे कृत्य होते असे कोणी म्हणतात. नंतर त्याला पश्चात्ताप झाला, याविषयी मात्र फारसा मतभेद नाही.

येथून पुढे विजयांची संख्या वाढत जाते आणि विजेता एकाकी होत जातो. दारियसचा त्याच्याच सुभेदाराने, बेससने, घात केला. त्या बेससचा पाठलाग करीत अलेक्झांडर हिंदुकुश ओलांडून बॅक्ट्रिया आणि सॉग्डियाना या प्रांतांत शिरला. इ. स. पू. ३२७ पर्यंतची वर्षे या दुर्गम मुलखात गनिमी पद्धतीने लढणाऱ्या टोळ्यांशी झगडण्यात गेली. याच काळात घोडदळाचा प्रमुख फिलोटस याच्यावर कटाची माहिती दडविल्याचा आरोप येऊन त्याला देहदंड झाला. आणि त्याचा वृद्ध पिता पार्मेनियन, जो फिलिपच्या काळापासूनचा मातब्बर सेनापती, त्याला केवळ तो सूड घेईल या भयाने मारेकरी पाठवून ठार करण्यात आले. राजाने इराणी वेष धारण केला. दरबारात येणाऱ्याने लवून वंदन करावे असा इराणी रिवाज त्याला ग्रीकांवरही लादावासा वाटू लागला.

इ. स. पू. ३२८ मध्ये मॅराकांडा, म्हणजे आजचे समरकंद, येथील मेजवानीत मद्य वाढत गेले आणि जिभा सैल झाल्या. राजाच्या स्तुतिपाठकांना कंटाळलेल्या क्लायटसने, हे विजय मॅसिडोनियाच्या सैनिकांच्या रक्तावर मिळालेले आहेत आणि फिलिपची थोरवी विसरू नये, अशा आशयाचे बोल सुनावले. अलेक्झांडरने जवळच्या रक्षकाचा भाला हिसकावला आणि ग्रॅनिकसकाठी ज्याने आपले प्राण वाचविले होते त्याच्याच देहात तो खुपसला. भान येताच तो तीन दिवस अन्नपाण्यावाचून आक्रोश करीत पडून राहिला. पण भाला परत येत नसतो.

आणखी एक नाव येथे सांगितले पाहिजे. ते कॅलिस्थेनिसचे. हा ॲरिस्टॉटलचा नातलग, मोहिमेचा अधिकृत इतिहासकार. त्यानेच राजाचे गोडवे गात ग्रंथ लिहावयास घेतला होता. पण माणसापुढे देवासारखे लोटांगण घालण्यास त्याने नकार दिला. पुढे राजसेवेतील तरुणांचा एक कट उघडकीस आला, त्यात त्याचे नाव गोवले गेले आणि कैदेत किंवा वधस्तंभावर त्याचा अंत झाला. ज्या गुरूने हाती ग्रंथ दिला, त्याच्याच घरातील ग्रंथकाराचा असा शेवट झाला. उशाखालच्या दोन वस्तूंपैकी खंजिराने ग्रंथावर मात केली ती या दिवशी.

इ. स. पू. ३२६ च्या वसंतात त्याने सिंधू ओलांडली. तक्षशिलेच्या अंभीने त्याचे स्वागत केले. वितस्तेच्या, म्हणजे झेलमच्या, पलीकडे मात्र पौरव राजा हत्तींचे दल घेऊन उभा होता. नदीला पूर आलेला, समोर गजदळ. रोज रात्री खोट्या हालचाली करून अलेक्झांडरने शत्रूला गाफील केले आणि एका वादळी रात्री छावणीपासून दूर, वरच्या अंगाला नदी पार केली. घनघोर युद्धात पौरवाचा पराभव झाला, पण जखमी अवस्थेतही त्याने रणांगण सोडले नाही. त्याच्या धैर्याने प्रभावित होऊन अलेक्झांडरने त्याचे राज्य त्याला परत दिले आणि त्यात भरही घातली. हा प्रसंग शालेय पुस्तकांनी आणि नाटक-चित्रपटांनी आपल्या घराघरांत पोचविला आहे. याच काळात बुसेफॅलस मरण पावला आणि त्याच्या नावाने वितस्तेकाठी एक नगर वसले.

पण विपाशेच्या, म्हणजे बियासच्या, तीरावर असे काही घडले जे कोणत्याही शत्रूला साधले नव्हते. आठ वर्षे चालून थकलेले, सत्तर दिवसांच्या पावसाने भिजून गेलेले सैनिक थांबले. पुढे गंगेच्या खोऱ्यात नंदांचे बलाढ्य राज्य आहे, त्यांच्याजवळ हजारो हत्ती आहेत, अशा वार्ता येत होत्या. कोइनस या अनुभवी सेनानीने सैनिकांच्या वतीने घरी परतण्याची विनंती केली. राजा तीन दिवस तंबूत रुसून बसला. कोणी मनधरणीला आले नाही. अखेर शकुन प्रतिकूल आहेत असे निमित्त करून त्याने माघारीची आज्ञा दिली आणि तीरावर बारा प्रचंड वेद्या उभारल्या. ज्याला दारियस अडवू शकला नाही, त्याला त्याच्याच माणसांच्या घरच्या ओढीने अडविले.

परतीचा मार्गही रक्ताचाच होता. मल्लांच्या एका दुर्गावर शिडी मोडल्यामुळे दोघा-तिघांसह तो आत एकटा सापडला आणि छातीत बाण घुसून मृत्यूच्या दारी पोचला. संतापलेल्या सैनिकांनी त्या दुर्गातील स्त्रिया आणि मुलेदेखील सोडली नाहीत. इ. स. पू. ३२५ मध्ये निआर्कसला समुद्रमार्गे पाठवून तो स्वतः मकरानच्या वाळवंटातून निघाला. तहानेने आणि उष्म्याने तेथे असंख्य माणसे मेली. शिरस्त्राणातून कोणी घोटभर पाणी आणून दिले, तेव्हा सर्व सैन्यासमक्ष त्याने ते वाळूत ओतून टाकले. सैनिकांचे त्याच्यावर इतके प्रेम का होते, ते अशा प्रसंगांतून कळते. मात्र त्यांना त्या वाळवंटात नेले होते ते त्यानेच.

इ. स. पू. ३२४ मध्ये सुसा येथे त्याने आपल्या सुमारे ऐंशी सरदारांचे विवाह इराणी कुलीन कन्यांशी लावले आणि स्वतः दारियसच्या कन्येशी विवाह केला. त्याआधी सॉग्डियानाच्या रॉक्सानाशी त्याचा विवाह झालेलाच होता. जेते आणि जित यांना एकत्र आणण्याचा हा प्रयत्न त्याच्या पिढीच्या पुष्कळ पुढे होता. पण त्याच्या पश्चात यांतील बहुतेक विवाह टिकले नाहीत. त्याच वर्षी जिवलग मित्र हेफिस्टियन मरण पावला आणि तो खचला. इ. स. पू. ३२३ च्या जूनमध्ये बॅबिलोन येथे एका मेजवानीनंतर त्याला ताप आला. दहा-बारा दिवसांत वाचा गेली. सैनिक एकेक करून शय्येपुढून गेले आणि त्याने केवळ नजरेने त्यांचा निरोप घेतला. तेहेतिसावे वर्ष पुरे व्हायला महिना-सव्वा महिना उरला होता.

बॅबिलोनचे ज्योतिषी रोजच्या आकाशाची नोंद मातीच्या फलकांवर करीत. त्या दिवसाचा फलक आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात राजा मरण पावल्याची नोंद आहे आणि तिच्याच शेजारी ढगांमुळे आकाश दिसू न शकल्याची. जगज्जेत्याच्या मृत्यूला इतकीच जागा मिळाली.

त्याने वारस नेमला नव्हता. मुलगा जन्मला तो त्याच्या मृत्यूनंतर. सेनानींनी साम्राज्याचे लचके तोडले. त्याचा सावत्र भाऊ, माता, पत्नी रॉक्साना आणि तो अल्पवयीन मुलगा, सारे वीस वर्षांच्या आत मारले गेले. भारतात तर चंद्रगुप्त मौर्याने त्याच्या सत्तेची खूण पुसून टाकली. सिंधूपलीकडचे प्रांतही सेल्युकसला पाचशे हत्तींच्या मोबदल्यात चंद्रगुप्ताच्या स्वाधीन करावे लागले. आपल्या प्राचीन वाङ्मयात अलेक्झांडरच्या स्वारीचा स्पष्ट उल्लेखदेखील सापडत नाही. असे होते त्याचे शिकंदर नशीब.

मग उरले काय? ईजिप्तचा अधिपती झालेल्या टॉलेमीने आणि त्याच्या वंशजांनी अलेक्झांड्रियात ग्रंथालय उभारले. जगातील ज्ञान एका छपराखाली आणण्याचा तो पहिला भव्य यत्न होता. युक्लिडने याच नगरीत भूमितीची मांडणी केली. पृथ्वीचा परीघ मोजणारा एराटोस्थेनिस त्या ग्रंथालयाचा प्रमुख होता. खड्गाने आखलेले नगर ग्रंथांनी अमर झाले. ते ग्रंथालय कालौघात नष्ट झाले. २००२ मध्ये त्याच नगरात त्याच्या स्मरणार्थ नवे ग्रंथालय उघडले गेले. अलेक्झांडरबरोबर चाललेल्या टॉलेमी, निआर्कस, ॲरिस्टोब्युलस यांनी लिहिलेले मूळ ग्रंथही आज उपलब्ध नाहीत. चारशेहून अधिक वर्षांनी एरियन आणि प्लूटार्क यांनी ते वाचून जे लिहिले, त्यावर आपले ज्ञान उभे आहे. मधल्या शतकांत कोणी ते ग्रंथ सांभाळले, कोणी उतरवून घेतले, म्हणून अलेक्झांडर आपल्याला भेटतो. ज्याने अनेक लढाया आणि वेढे गाजविले, त्याची कीर्ती अखेर अनाम लेखनिकांच्या आणि ग्रंथपालांच्या हाती सुखरूप राहिली.

समारोपापूर्वी ग्वाल्हेरच्या वाचकांना एका जवळच्या वास्तूची आठवण करून देतो. पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानात असलेल्या विदिशेजवळ, बेसनगर येथे, एक दगडी स्तंभ आहे. गावकरी त्याला खांबबाबा म्हणून शेंदूर फाशीत. १८७७ मध्ये कनिंगहॅमने तो पाहिला, पण शेंदराच्या थराखालचा लेख त्याला दिसला नाही. तो उजेडात आला १९०९ च्या सुमारास, आणि १९१३ ते १९१५ या काळात डॉ. देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी तेथे उत्खनन केले. हा गरुडध्वज वासुदेवाच्या भक्तीने उभारला तो तक्षशिलेच्या हेलिओडोरस नावाच्या यवनाने. ग्रीक राजा अँटिआल्किडसचा दूत म्हणून तो भागभद्र राजाच्या दरबारी आला होता. अलेक्झांडरने वितस्ता ओलांडल्याला तेव्हा सुमारे दोनशे वर्षे झाली होती. विपाशेपाशी जी वाट ग्रीक सेनेला पुढे नेता आली नाही, ती एका ग्रीक दूताने शस्त्रावाचून पार केली.

त्या स्तंभावर ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे, की दम, त्याग आणि अप्रमाद या तीन पायऱ्या माणसाला स्वर्गाला नेतात. मिएझाच्या वनराईत ॲरिस्टॉटलने आपल्या शिष्याला याहून फार वेगळे शिकविले असेल असे वाटत नाही. शिष्याने पृथ्वी जिंकली. पहिली पायरी मात्र, समरकंदच्या त्या रात्री, त्याच्या पायाखालून निसटली.